आंबोलीत बाबा, मी आणि बहिरा फोन

बाबांना आता फुलटोच्या हा इवलासा पक्षी ऐकू येत नाही. टीव्ही येतो, आईच्या हाका सोयीप्रमाणे येतात, पण झाडाच्या शेंड्यावरून येणारं ते बारीक 'टिक्-टिक्' नाही. वय झालं की आधी उंच पट्टीतले आवाज जातात, असं डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षं गळ्यात दुर्बीण अडकवून फिरलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं. म्हणून मे अखेरीस आंबोलीला निघालो तेव्हा मी फोनमध्ये मर्लिन घेतलं. पक्ष्याच्या आवाजावरून त्याचं नाव सांगणारं, अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचं फुकट अॅप.

घेतलं खरं, पण भारतातल्या पक्ष्यांचा पॅक उतरवायचा विसरले. तो एकदा फोनमध्ये बसला की नेटवर्क नसलं तरी चालतं, आणि नेटवर्क नसण्यात आमची घाटमाथ्यावरची गावं तरबेज आहेत. बाबा आठवण करत होतेच, मी 'हो हो' करत होते. शेवटी आजऱ्याला चहाला थांबलो तिथे टपरीवर बसून पॅक उतरवला. चहा दोनदा झाला, बाबांनी पाच किलो घनसाळ तांदूळ घेतला, तरी फोनवरचं चाक फिरतच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला हिरण्यकेशीच्या देवळाच्या वाटेवर. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे, त्यामुळे वळवाचे दोन पाऊस झाले की मे महिन्यातही धुकं गुडघ्यापर्यंत लोळतं. ओढ्याच्या बाजूने शीळ सुरू झाली. हा शीळकरी कस्तूर. गाणं येत नाही, पण त्याची फिकीरही नाही असा एखादा पोरगा शाळा बुडवून रस्त्याने शीळ घालत चाललाय, असंच वाटतं. सूर मध्येच चढतो, भरकटतो, अर्ध्यावर सोडून देतो. मी फोन पुढे धरला. काही नाही. पाण्याचा खळखळाट आणि सिकाडा किड्यांची किरकिर यांतून त्याला शीळ वेगळी काढता येईना. चार पावलं ओढ्यापासून लांब गेलो तेव्हा कुठे नाव उमटलं. 'हा मला ऐकू येतो,' बाबा म्हणाले, 'त्यासाठी तुझं यंत्र नको.'

पुढे देवळाजवळ थांबलो. इथल्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. गावकऱ्यांनी तो मासा देवाचा म्हणून आधीच राखला होता. पायरीवर बसलेले एक काका आमच्या फोनकडे बघत होते. समोरच्या झाडावरून एकदम गडबड उडाली आणि पडद्यावर नावांची रांग लागली: सर्पगरुड, हळद्या, हिरवा तांबट. अर्ध्या मिनिटात तीन ओळी! मी हरखले. काका हसले.

'फसलो तुमचो मोबाईल. थंय बघा, कोतवाल आसा. सगळ्यांची नक्कल करता मेलो.'

बाबांनी दुर्बीण लावली. काळाभोर पक्षी, शेपटीच्या दोन लांब तारा, टोकाला पिसांचे झुबके. भृंगराज, कोतवालाचाच भाऊबंद. एकटाच बसून तिघांचं भजन म्हणत होता. मला वाटतं अॅपचीही चूक नव्हती. सर्पगरुडाचा आवाज ऐकून त्याने सर्पगरुड म्हटलं, इतकंच. पण त्यामुळे बाबांचा नियम मला पटला: फोनने नाव सुचवावं, यादीत टाकायचं ते आपण खात्री केल्यावर.

परतताना एका वळणावर कुणीतरी गाडीच्या स्पीकरवर नवरंग पक्ष्याचा आवाज मोठ्याने वाजवून त्याला बोलावत होतं. विणीच्या दिवसांत! खरा नवरंग येतो तो आपल्या हद्दीत दुसरा शिरला म्हणून, घरटं सोडून भांडायला. आवाज ओळखणं वेगळं आणि आवाजाने फसवणं वेगळं, हे त्यांना सांगायला बाबा निघालेच होते, तेवढ्यात गाडी सुटली.

नाश्त्याला बाबांनी विचारलं, 'हे ऐकतं कसं?' मी सांगितलं की ते तसं ऐकतच नाही. आवाजाचं चित्र काढतं, डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर पट्टी, आणि लोकांनी नावं लावून दिलेल्या हजारो ध्वनिमुद्रणांच्या चित्रांवर आधीच शिकलेलं असल्यामुळे ते बघून नाव सांगतं. २०२१ पासून मर्लिनमध्ये ही सोय आहे.

बाबा घावन खाता खाता थांबले. 'म्हणजे हे बहिरंच आहे की माझ्यासारखं. बघून ओळखतं.'

त्यानंतर फोन माझ्या हातात फारसा आला नाही. संध्याकाळी निवासाच्या अंगणातल्या आंब्यावर बांडगूळ होतं. बांडगुळाच्या फळांवर फुलटोच्या येणारच. मला वरून 'टिक्-टिक्' ऐकू आलं, मी मुद्दाम गप्प बसले. बाबा पडदा डोळ्यांजवळ धरून बसलेले. खालच्या भागात बुलबुलांचे जाड पट्टे सरकत होते. वर, अगदी कडेला, सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके उमटायला लागले. एक, दोन, चार. त्यांनी नावाची वाटही बघितली नाही. फोन माझ्या मांडीवर ठेवला, दुर्बीण उचलली आणि बांडगुळावर रोखली.

'डावीकडे, दुसऱ्या फांदीवर,' ते म्हणाले. 'दिसला का तुला?'

मला अजून दिसला नव्हता.