बर्गरला दोन हात लागतात

गुरुवार, ६ जून २०२४, कोलंबस, ओहायो

आज जेवण अडीचला. ऑफिसात म्हटलं, कामाच्या नादात राहून गेलं. खरं कारण डॅलसला चालू होतं: टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, अमेरिका विरुद्ध पाकिस्तान.

ऑफिसजवळ बफेलो वाइल्ड विंग्ज नावाचं हॉटेल आहे, तिथे गेलो. भिंत दिसेल तिथे टीव्ही. सगळ्यांवर बेसबॉल, नाहीतर बेसबॉलवर बोलणारी माणसं. एखाद्यावर क्रिकेट लावाल का, असं विचारायचं ठरवून बारपाशी बसलो आणि विचारलं नाही. अकरा वर्षं झाली इथे, तरी असल्या गोष्टीला जीभ उचलत नाही. फोन केचपच्या बाटलीला टेकवून उभा केला.

ही साखळी आमच्या गावातलीच. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराहून आलेल्या दोन मित्रांना इथे तिकडच्यासारखे विंग्ज, म्हणजे कोंबडीचे तळलेले पंख, मिळेनात, म्हणून १९८२ मध्ये त्यांनी स्वतःच दुकान थाटलं. तेव्हा नावात शेवटी ‘अँड वेक’ होतं. वेक म्हणजे वरून जाडं मीठ आणि शहाजिरे लावलेला पाव, त्यात बीफचे पातळ काप भरून खातात. पुढे नावातून पाव गेला, पण इथले जुने लोक अजून जुन्या नावातले तीन डब्ल्यू धरून ‘बी-डब्ल्यू-थ्री’च म्हणतात. गावाकडचं खाणं मिळेना म्हणून हॉटेल काढणारी माणसं मला उगाचच नात्यातली वाटतात.

पहिल्या वर्षी अशाच एका ठिकाणी मी ‘चिकन बर्गर’ मागितला होता. वाढणारी मुलगी म्हणाली, चिकन सँडविच? मी म्हटलं, नाही, बर्गर. ती पुन्हा, सँडविच? बराच वेळ दोघंही आपापल्या जागी ठाम. नंतर कळलं की इथे खिम्याची टिक्की असेल तरच बर्गर, आणि तो खिमा न सांगता गाईचा. चिकनचा अख्खा तुकडा तळून त्याच पावात घातला, तीच काकडी, तेच चीज, तरी ते सँडविच. आपल्याकडे गोल पावात काहीही घातलं की बर्गर होतो. बटाटा घातला तरी. (वडा सोडून. तिथे आपण कडक आहोत.)

आज बर्गरच घेतला. दोन पातळ टिक्क्या, तापल्या लोखंडावर दाबून कडा कुरकुरीत केलेल्या, मधे वितळलेलं चीज. हे घरी माहीत नाही. आई विचारत नाही, मी सांगत नाही, छान चाललंय.

अडचण अशी की बर्गरला दोन हात लागतात. एकदा उचलला की खाली ठेवायचा नाही, ठेवला की त्याचा डोलारा कोसळतो. पाकिस्तानच्या १५९ होत्या. शेवटच्या ओव्हरला अमेरिकेला १५ हव्या होत्या, आणि नेमका मॅनेजरचा मेसेज स्क्रीनवर उतरला. दहाही बोटं तेलकट. शेवटी नाकाने सरकवला. शेजारच्या स्टुलावरचे पांढऱ्या मिशीचे गृहस्थ हे बघत होते. शेवटच्या चेंडूवर पाच हव्या होत्या आणि चौकार बसला. बरोबरी. मी बर्गर खाली ठेवला. कोसळला.

गृहस्थांनी विचारलं, कोण खेळतंय? मी म्हटलं, अमेरिका. ते स्टूल सरकवून जवळ आले. म्हणाले, वी? आर वी एनी गुड?

ते ‘वी’ ऐकून मी गडबडलो. इंग्रजीत एका ‘वी’मध्ये भागतं. माझ्या डोक्यात लगेच प्रश्न: आपण की आम्ही? ते म्हणाले ते ‘आपण’ होतं, मला धरून. मी मान हलवली आणि सुपर ओव्हर समजावायला लागलो. जादा इनिंग, पण सहाच चेंडूंची. त्यांना ते फारच थोडे वाटले.

पाकिस्तानच्या आमिरच्या त्या ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ काढल्या, सात तर वाइडवरच्या. मग चेंडू सौरभ नेत्रावळकरकडे. मी म्हटलं, हा मुंबईचा, ओरॅकलमध्ये इंजिनीअर आहे. अजून नोकरी करतो? हो. २०१० मध्ये हाच मुलगा भारताकडून अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप खेळला आणि तिथे पाकिस्तानकडूनच हरला, हे सांगायचं होतं, पण इंग्रजीत लांबलं असतं आणि चेंडू पडत होते. इफ्तिखारचा झेल गेला तेव्हा मी मोठ्याने ‘गेला!’ ओरडलो. बारमधल्या चार माना वळल्या. गृहस्थही म्हणाले, गेला! त्यांना वाटलं, असंच ओरडतात.

पाच धावांनी जिंकलो. (जिंकलो, असंच लिहिलंय. राहू दे.) गृहस्थांनी तळहात पुढे केला, मी माझा तेलकट हात घेऊन विचारात पडलो, त्यांनी तसाच टाळी देऊन घेतला आणि ओल्या टिश्यूची पुडी माझ्यापुढे सरकवली. मग ते आपल्या बेसबॉलकडे वळले.

बर्गर गार झाला होता. गार चीज मेणासारखं लागतं. तरी खाल्ला, तेराएक डॉलर मोजलेले.

बिल देताना बाबांचा मेसेज. तिकडे रात्रीचा एक वाजून गेलेला. ‘बघितलंस का? मालाडचा पोरगा. आई पण जागीच आहे. विचारतेय, जेवलास का?’

लिहिलं, ‘हो. सँडविच.’