स्पर्श न करता मोजलेले तापमान: स्टुटगार्टच्या भिंतीपासून करवीरच्या गुऱ्हाळापर्यंत

कोरोनाच्या काळात कोल्हापुरातल्या दुकानांच्या दारात कपाळासमोर धरले जाणारे पिस्तुलासारखे यंत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. साथ ओसरल्यावर ते बहुतेक घरांत कपाटात गेले. त्याच कुळातला, पण भिंती, भांडी आणि यंत्रे तपासण्यासाठी बनवलेला इन्फ्रारेड थर्मामीटर मात्र जर्मनीत स्टुटगार्टला राहायला आल्यापासून माझ्या रोजच्या वापरात आहे, आणि सुट्टीवर गावी येताना तो मी आवर्जून सोबत आणतो. या दोन यंत्रांत गल्लत करू नये. कपाळाचे यंत्र त्वचेच्या तापमानावरून शरीराचा ताप काढण्यासाठी जुळवलेले असते, तर दुसऱ्यात दीड-दोन अंशांची चूक सहज असू शकते, त्यामुळे त्याने ताप मोजणे योग्य नाही. तरीही ते मला इतके उपयोगी वाटते, याचे कारण असे की खरे काम एका आकड्याने होत नाही. दोन जागांच्या आकड्यांतील फरक पाहिल्याने होते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून तांबड्या रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला, तेव्हा तिथेही पारा चढला आणि या किरणांचा शोध लागला. आजचे साधे यंत्र त्यातील सुमारे ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी टिपते. लाल लेझरचा ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो, मोजणीशी त्याचा संबंध नसतो. मोजले जाणारे वर्तुळ टॉर्चच्या झोताप्रमाणे अंतराबरोबर वाढत जाते: यंत्रावर १२:१ असे लिहिले असेल, तर १२ फुटांवरून १ फूट रुंदीच्या भागाचे सरासरी तापमान दिसते. म्हणून लहान वस्तू मोजायची असेल तर जवळ जावे लागते.

जर्मनीतील जुन्या इमारतींत हिवाळ्यात सर्वांत मोठी काळजी असते ती भिंतीवरच्या बुरशीची, आणि तिच्यावरून भाडेकरू व घरमालक यांच्यात नेहमी वाद होतात. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर साधारण ९.३ अंशांच्या पृष्ठभागावर दव जमते. पण बुरशीला दवाचीही गरज नसते. म्हणूनच तिथल्या डीआयएन ४१०८ या मानकात भिंतीच्या आतल्या पृष्ठभागासाठी १२.६ अंश ही किमान मर्यादा धरली आहे. खोलीच्या मध्यभागी कितीही ऊब वाटली, तरी बाहेरच्या दोन भिंती मिळतात तो कोपरा, खिडकीची चौकट आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटाची मागची बाजू यांचे आकडे वेगळेच निघतात. असा कोपरा सापडल्यावर कपाट पुढे ओढणे आणि दिवसातून दोन-तीन वेळा सर्व खिडक्या काही मिनिटे सताड उघडणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरचेही तसेच: तो वरच्या बाजूला थंड असेल तर आत हवा अडकलेली असते आणि खाली थंड असेल तर गाळ साचलेला असू शकतो.

एक निरीक्षण इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वच्छ रात्री हे यंत्र आभाळाकडे धरले तर आकडा शून्याच्या बराच खाली जातो, आणि ढग आले की तोच आकडा वर चढतो. हवा दोन-तीन अंशांवर असतानाही गाडीच्या काचेवर हिम का जमते, याचे उत्तर त्यात आहे: काच थंडगार आभाळाकडे उष्णता टाकत राहते आणि हवेपेक्षाही थंड होते. पावसाळ्यातल्या ढगाळ रात्री आपल्याकडे दव का पडत नाही, याचेही कारण तेच आहे.

कोल्हापूरच्या घरांत बुरशीपेक्षा ओल हा मोठा प्रश्न आहे. पावसाळ्यात स्लॅबमधून किंवा स्नानगृहाच्या भिंतीतून पाणी झिरपत असेल तर डाग दिसण्याआधीच तो भाग शेजारच्या कोरड्या भागापेक्षा थंड लागतो, कारण पाणी सुकताना उष्णता ओढून घेते. भिंतीवर वीतभर अंतराने नेम धरत गेल्यास ओलीची हद्द पेन्सिलीने आखता येते आणि गवंड्याला नेमकी जागा दाखवता येते. विजेच्या बोर्डातही हीच पद्धत लागू पडते. सर्व स्विचवर सारखाच भार असताना एकच फार गरम दाखवत असेल तर तिथला स्क्रू सैल असण्याची शक्यता असते. हात न लावता एवढे कळते, पुढचे काम वायरमनचे. ट्रॅक्टरचे इंजिन थंड असताना सुरू करून लगेच प्रत्येक सिलिंडरकडून येणाऱ्या धुराड्याच्या फाट्यांवर एकेक नेम धरला, तर जो फाटा तापायला मागे राहतो त्याचा सिलिंडर नीट पेटत नाही असे समजावे. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचे एक चाक बाकीच्या चाकांपेक्षा जास्त तापत असेल तर त्याचे बेअरिंग किंवा ब्रेक तपासावा. हंगामात या एका सवयीचे मोल फार आहे, असे मला वाटते.

चकचकीत धातूपुढे मात्र हे यंत्र फसते. घासलेले स्टील, तांबे किंवा नवा पत्रा स्वतःचे किरण फार कमी टाकतो आणि आजूबाजूचेच परावर्तित करतो, त्यामुळे तापलेले पातेलेही यंत्राला गार दिसते. काळ्या लोखंडी तव्यावर आकडा विश्वासार्ह येतो, पातेल्याच्या बाहेरच्या बाजूवर येत नाही. चुना मारलेला पत्रा आणि कोरा पत्रा यांची उन्हाळ्यात तुलना करणाऱ्यांनी दोन्हींवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्या पट्टीचे तापमान मोजावे, नाहीतर कोरा पत्रा खोटाच थंड ठरतो. विरजण लावतानाही दूध आधी ढवळावे, कारण यंत्राला फक्त वरची साय दिसते. ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान विरजण लावले की दही चांगले लागते.

या मर्यादेची सर्वांत स्पष्ट जाणीव मला करवीर तालुक्यातील चुलत भावाच्या गुऱ्हाळावर झाली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या गुळाचा कस शेवटच्या काही मिनिटांत ठरतो. रस १०५-१०६ अंशांच्या आसपास आला की काकवी होते आणि साधारण ११६ ते ११८ अंशांवर गूळ उतरवायचा असतो. थोडे अलीकडे उतरवला तर तो पाघळतो आणि पलीकडे गेला तर करपून काळपट होतो. मी काहिलीवर, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईवर, यंत्र धरले तेव्हा आकडे बरेच खाली आणि सारखे बदलणारे येत होते, कारण वाफेचे बारीक थेंब मध्ये येतात आणि वरचा फेस आतल्या रसापेक्षा थंड असतो. गुळव्याने ते पाहून सांगितले, "दादा, वरचा फेस बघून उतरवला तर गूळ कच्चा ऱ्हातोय, पाण्यात गोळी धरली पायजे." त्याने थंड पाण्यात थेंब सोडून बोटांनी गोळी वळली आणि मगच काहिल उतरवली. त्याचे म्हणणे शास्त्रानेही बरोबर आहे. काहिलीतल्या रसासाठी आत बुडवायचा थर्मामीटरच हवा. गूळ वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओतून घोटायला घेतल्यावर मात्र फेस नसतो आणि वाफही विरलेली असते. तिथे कडेचा आणि मधला आकडा ताडून गूळ सारखा निवतो आहे का हे चांगले कळले, आणि गुळव्यानेही ते यंत्र हातात घेऊन सगळ्या कडा तपासल्या.

विकत घेताना एवढे पाहावे: अंतराचे प्रमाण १२:१ किंवा त्याहून चांगले असावे आणि पृष्ठभागानुसार उत्सर्जनाचा आकडा (पृष्ठभाग स्वतःचे किरण किती टाकतो ते सांगणारा) बदलता यावा, स्वस्त यंत्रांत तो ०.९५ वर कायम असतो. बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र ढवळून त्यावर नेम धरल्यास शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. थंड जागेतून गरम जागेत नेल्यावर यंत्राला अर्धा तास स्थिर होऊ द्यावे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी मात्र हे घरगुती यंत्र वितळलेल्या लोखंडासाठी घेऊ नये. तो रस १४०० अंशांच्या घरात असतो, या यंत्रांची मर्यादा बहुधा काही शे अंशांवर संपते, आणि त्या कामासाठी कमी लांबीच्या लहरी टिपणारे वेगळे पायरोमीटर मिळतात.