मेमरी कार्ड घेताना : आधी प्रकार, मग वेग, शेवटी जीबी

गणेशोत्सव जवळ आला की नवा कॅमेरा घेतलेली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, ‘कार्ड किती जीबीचे घेऊ?’ याचे उत्तर देण्याआधी मला दोन प्रश्न उलट विचारावे लागतात, कारण क्षमता ही या निवडीतील शेवटची पायरी आहे. कॅमेऱ्याला कोणत्या प्रकारचे कार्ड चालते हे आधी पाहावे, त्यानंतर ते कार्ड सलग किती वेगाने लिहून घेते हे पाहावे आणि मगच जीबीचा हिशेब मांडावा.

प्रकाराचा प्रश्न तसा लवकर सुटतो. आजचे बहुतेक कॅमेरे एसडी कार्डावर चालतात. आकाराने ही सगळी कार्डे सारखीच दिसत असली, तरी त्यांत २ जीबीपर्यंतचे साधे एसडी, ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी आणि त्यापुढचे, २ टीबीपर्यंत जाऊ शकणारे एसडीएक्ससी असे भेद आहेत. नवा कॅमेरा जुने कार्ड चालवून घेतो. जुना कॅमेरा नवे कार्ड ओळखेलच असे नाही. सध्या घरातले जुने, खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे पुन्हा वापरात आणण्याची हौस तरुण मुलामुलींमध्ये दिसते आणि मला ती मनापासून आवडते. मात्र एसडीएचसी हा प्रकारच २००६ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या कॅमेऱ्यात आजचे ६४ जीबीचे कार्ड घातले तर पडद्यावर कार्ड एरर दिसणारच. कॅमेरा बिघडला असे ठरवण्यापूर्वी २ जीबीचे किंवा त्याहून लहान साधे एसडी कार्ड मिळवून घालून पाहावे. दुसऱ्या टोकाला, महागड्या कॅमेऱ्यांत सीएफएक्स्प्रेस कार्डे असतात. त्यांतील ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ यांचे आकार वेगळे असून एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

खरा गोंधळ होतो तो वेगाबाबत. कार्ड हातात घेऊन नीट पाहिले तर सर्वांत ठळक आकडा १७० किंवा २०० असा काहीतरी दिसतो, आणि ग्राहक त्यालाच भुलतो. हा आकडा बहुधा वाचण्याचा, म्हणजे कार्डावरून संगणकावर फोटो उतरवण्याचा कमाल वेग असतो, आणि तोही योग्य कार्ड रीडर असला तरच मिळतो. कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या वेगाची. त्याची हमी त्याच कार्डावर बारीक अक्षरांत दिलेली असते : इंग्रजी ‘यू’च्या पोटातला १ म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट, ३ म्हणजे ३० मेगाबाइट, तसेच व्ही ३०, व्ही ६० आणि व्ही ९० म्हणजे अनुक्रमे किमान ३०, ६० आणि ९० मेगाबाइट. ए १, ए २ ही चिन्हे फोनवरील अ‍ॅपसाठी आहेत. कॅमेऱ्यासाठी त्यांचे जादा पैसे मोजू नयेत.

व्हिडिओ करणाऱ्यांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये देतात आणि कार्डावर तो मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच लागतात, आणि व्ही ३० कार्ड त्याला पुरून उरते. अशा कामासाठी व्ही ९० घ्यायला लावणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब जरूर दाखवावा.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगोंचा थवा उठतो तेव्हा बोट बटणावरून निघत नाही. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न करता जसाच्या तसा साठवलेला फोटो, साधारण २८ मेगाबाइटची धरली आणि सेकंदाला दहा फोटो निघत असले, तर सेकंदाला २८० मेगाबाइट कुठेतरी जायला हवेत. ती आधी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये, साठतात आणि तेथून कार्डावर उतरतात. यूएचएस म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातली माहिती जाण्याची वाट. यूएचएस-वन कार्डाची ही वाट मुळातच सेकंदाला १०४ मेगाबाइटची आहे, त्यामुळे बफर काही क्षणांत भरतो, कॅमेरा अडखळतो, कार्डावर लिहिले जात असल्याचा लहानसा दिवा कितीतरी वेळ लुकलुकत राहतो आणि तेवढ्यात थवा ठाण्याच्या दिशेने निघूनही गेलेला असतो. यूएचएस-टू कार्डाच्या पाठीवर जोडण्यांची दुसरी रांग असते आणि त्याची कमाल वाट ३१२ मेगाबाइटची आहे. अशा छायाचित्रणात तिचा फरक प्रत्यक्ष जाणवतो. पण कॅमेऱ्याची खाच यूएचएस-टूची नसेल, तर तेच महागडे कार्ड तिच्यात यूएचएस-वनच्याच वेगाने चालते. म्हणून आधी कॅमेऱ्याची पुस्तिका उघडावी.

आता जीबी. पुन्हा घरी येऊन कार्ड रिकामे करेपर्यंत किती काम होणार, हे माप धरावे. अनंत चतुर्दशीला सकाळी लालबागमधून निघालेला राजा गिरगाव चौपाटीवर पोहोचतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या मिरवणुकीसोबत चालणाऱ्याला मध्येच घरी जाता येत नाही. ६४ जीबीत वर सांगितलेल्या आकाराच्या सुमारे २,२०० रॉ फाइली मावतात, पण १०० मेगाबिटचा व्हिडिओ मात्र दीड तासाच्या आतच संपतो. निव्वळ फोटो काढणाऱ्याला ६४ जीबीची दोन कार्डे पुष्कळ झाली. व्हिडिओ करणाऱ्याला मी १२८ जीबीची दोन सुचवतो. एकच २५६ जीबीचे का नाही, असे विचारले जाते, आणि त्या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण गर्दीत, गुलालात आणि पावसाच्या सरीत कॅमेऱ्याचे झाकण जितके कमी उघडावे तितके बरे. तरीही एक कार्ड बिघडले तर दिवसाचे सगळेच काम जाणे मला पटत नाही. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील, तर दोन्हींवर एकाच वेळी तेच फोटो लिहिण्याची सोय सुरू करावी आणि मग खुशाल मोठी कार्डे घालावीत.

खरेदी पक्क्या बिलावरच करावी. फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत कॅमेरा सोबत नेऊन कार्ड तिथेच घालून पाहता येते, हा मोठा फायदा आहे. बनावट कार्ड संगणकाला आपली क्षमता खोटी सांगते : आत जागा १६ जीबीची आणि वर छापलेले २५६. खरी जागा भरेपर्यंत सारे सुरळीत दिसते, त्यानंतरचे फोटो मात्र खराब होतात किंवा आधीच्यांवर लिहिले जातात. कार्ड काठोकाठ भरून ते परत वाचून पाहणारे एचटूटेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर विंडोजसाठी आणि एफथ्री हे मॅक व लिनक्ससाठी मोफत मिळते. मोठ्या कार्डाला या तपासणीत काही तास लागू शकतात, म्हणून कार्ड सणाच्या आदल्या संध्याकाळी न घेता बदलून मिळण्याची मुदत हातात राहील इतके आधी घ्यावे, तपासावे आणि मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून वापरायला काढावे.