मी चौकोनी सेन्सरचा कॅमेरा का घेतला

रोझेट तेजोमेघाचा माझा पहिला फोटो अजून लॅपटॉपवर आहे. जानेवारीतली रात्र, वेल्ह्याच्या पुढे आत्याचं गाव, घरामागच्या खळ्यात माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे हळूहळू फिरणारा स्टँड, लावलेला, त्यावर ७२ एमएमची दुर्बीण आणि जुना डीएसएलआर, तीन-तीन मिनिटांचे चाळीस फोटो. सगळे स्टॅक केले, म्हणजे एकावर एक ठेवून एकच फोटो केला, आणि हाती आला फिकट राखाडी धूर. तो गुलाबासारखा लाल वगैरे दिसतो म्हणतात तसं काहीच नाही. मला वाटलं आपलं प्रोसेसिंग कच्चं, म्हणून आठवडाभर त्याच फाइलवर बसले, पण लाल रंग फाइलमध्ये होताच कुठे. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा तो लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि साध्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे जो फिल्टर असतो तो नेमका त्यातलाच बराचसा अडवतो. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग बरोबर यावेत म्हणून तो तिथे असतो.

यावर उपाय म्हणजे तो फिल्टर काढून घ्यायचा. कंपन्यांनीही अधूनमधून आकाशासाठी वेगळी मॉडेलं काढली होती, कॅननचा ६०डीए २०१२ मध्ये, निकॉनचा डी८१०ए २०१५ मध्ये, मग कॅननचा ईओएस आरए २०१९ मध्ये. ज्यांना साध्या लेन्सने आकाशगंगेचा पट्टा टिपायचाय त्यांना मी आजही सांगेन की जुना डीएसएलआर मॉडिफाय करून घ्या, पुरे आहे. मीही तेच करणार होते, पण मधे एप्रिल आला.

एप्रिलमध्ये रात्री अकरालासुद्धा पारा २७ च्या खाली येत नव्हता आणि सलग एक्सपोजर चालू असले की कॅमेरा आतून अजून तापतो, म्हणजे सेन्सर ३५ अंशांच्या आसपास धरा. त्या रात्रीचे फोटो उघडले तर सगळीकडे लाल-निळे-हिरवे ठिपके, जणू कोणी रांगोळी सांडलीये. सेन्सरमधला हा उष्णतेचा करंट दर सहा-सात अंशांना साधारण दुप्पट होतो. थंड देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण ठरवतो की कूलिंग, म्हणजे सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा, ही चैन आहे, पण त्यांच्याकडे रात्री बाहेरच पाच अंश असतात हो! आपल्याकडे मला तरी आता ती गरजच वाटते. ३५ वरून शून्यावर आणलं तरी तो करंट तीस पटीहून जास्त कमी होतो.

आणि कूलिंगचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. तापमान ठरवून देता येत असल्याने डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून त्याच तापमानाला तेवढ्याच वेळाचे काढलेले फोटो, जे वापरून ते ठिपके नंतर वजा करतात, घरी बसून पावसाळ्यात काढून ठेवता येतात. आधी मी ते खळ्यात पहाटे काढायचे, स्वच्छ आकाशाखाली झाकण लावून तासभर बसायचं, फार जिवावर यायचं. आता माझ्याकडे दोन संच तयार आहेत, उन्हाळ्यासाठी शून्याचा आणि हिवाळ्यासाठी उणे दहाचा.

तर कूल्ड कॅमेरा घ्यायचा हे नक्की झालं, पण कोणता? मी मेगापिक्सेल बघत बसले होते. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना फोन केला तर ते म्हणाले, "तू आधी दुर्बिणीची फोकल लेंग्थ सांग, मग कॅमेऱ्याचं बोलू." माझी ४२० एमएम. मग त्यांनी फोनवरच हिशेब करायला लावला. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यायचा, २०६ ने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं, की एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक) आकाश मावतं ते कळतं. ३.७६ मायक्रॉनला उत्तर आलं १.८५ च्या आसपास, म्हणजे माझ्या छोट्या दुर्बिणीला अगदी योग्य. तो पिक्सेल असलेल्या दोन सेन्सरमध्येच माझी खरी ओढाताण झाली, सोनीचा आयएमएक्स ५३३, चौकोनी, बाजू ११.३ एमएम, ९ मेगापिक्सेल, आणि आयएमएक्स ५७१, एपीएस-सी म्हणजे साध्या डीएसएलआरमधल्या सेन्सरएवढा, २६ मेगापिक्सेल.

मोठा घ्यावासा वाटणारच. देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंश लांब पसरलीये, मोठ्या सेन्सरवर माझ्या दुर्बिणीतून ३.२ अंश मावतात, छोट्यावर दीड. पण मोठ्याची किंमत जवळजवळ दुप्पट, एकेक फाइल ५२ एमबीची, माझा लॅपटॉप दीडशे फाइल स्टॅक करताना रडतो, आणि मुख्य म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत गोल तारे देणारी दुर्बीण पाहिजे, माझी तशी नाही. मोठा कॅमेरा घेऊन कोपरे कापूनच टाकणार असेन तर त्या पैशात गाइड कॅमेरा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा छोटा कॅमेरा) आणि चांगली बॅटरी येते. शिवाय ५३३ मध्ये अँप ग्लो नाही, म्हणजे फ्रेमच्या कडेला तो सूर्योदय झाल्यासारखा उजेड येत नाही, सोनीच्याच आयएमएक्स २९४ आणि १८३ या सेन्सरमध्ये तो येतो, डार्क वापरून जातोही, पण नसलेलाच बरा. शेवटी झेडडब्ल्यूओ कंपनीचा ५३३ सेन्सरवाला रंगीत कॅमेरा, एएसआय ५३३ एमसी प्रो, घेतला.

मोनो, म्हणजे कृष्णधवल सेन्सरचा आणि एकेक रंग वेगळ्या फिल्टरमधून टिपणारा कॅमेरा, का नाही, हे बरेच जण विचारतात. रंगीत सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल असतो, त्यामुळे हायड्रोजनसाठी मोनो सरसच, हे मला मान्य आहे. पण जून ते सप्टेंबर आपलं आकाश बंद, उरलेल्यातून अमावस्येच्या जवळचे शनिवार-रविवार काढा, त्यातही कधी ढग तर कधी ऑफिस. एका रात्रीत फक्त लाल फिल्टर झाला आणि बाकीचे पुढच्या महिन्यावर गेले असं मला नको होतं. आणि गुरू-शनी हेच तुमचं प्रेम असेल तर कूलिंगवर पैसे घालूच नका. तिथे मिलिसेकंदांचे हजारो फ्रेम घेऊन चांगले तेवढे निवडायचे असतात, त्याला छोटा, वेगवान, बिनकूलिंगचा कॅमेरा लागतो.

एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. या कॅमेऱ्याला स्क्रीन नाही, बटण नाही, कार्ड नाही. लॅपटॉप हवा, कूलिंगला १२ व्होल्टची बॅटरी हवी, आणि फ्लॅटनरपासून (कोपऱ्यातले तारे गोल ठेवणारं दुर्बिणीमागचं भिंग) सेन्सरपर्यंत ५५ एमएमचं अंतर तुम्हालाच जुळवायचं असतं. डीएसएलआरला अडॅप्टर लावला की ते आपोआप जमतं. इथे कॅमेऱ्याचे १७.५ अधिक १६.५ ची रिंग अधिक २१ ची रिंग. पहिल्या रात्री मी २१ ची रिंग घरीच विसरले आणि कोपऱ्यातले सगळे तारे ओढल्यासारखे लांबट आले, ती रात्र गेलीच.

पुढच्या अमावस्येला पुन्हा रोझेट. तो सव्वा अंशाचा, दीड अंशाच्या चौकोनात नीट बसला. पहिलीच तीन मिनिटांची फ्रेम स्क्रीनवर स्ट्रेच केली, म्हणजे अंधुक भाग उजळला, आणि स्टॅक न करताच त्याच्या कडा लाल दिसल्या. आत्या शाल गुंडाळून बाहेर आली होती, तिला दाखवलं तर म्हणाली, "अगं, हे आत्ता वर आहे? कुठंय?" मी मृगाच्या डावीकडे बोट दाखवलं, तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी ती बराच वेळ तिकडेच बघत उभी राहिली.

आता दिवाळीनंतर देवयानीचं बघायचंय. दोन पॅनेलचं मोझेक करावं लागेल, म्हणजे दोन भाग वेगळे टिपून जोडायचे, दोन रात्री मिळाल्या तर.