तुम्ही विचारलंत म्हणून : तो अंक कोणाकडे आहे, हे मी का सांगत नाही

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने आमच्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो. "अमुक अंक कोणाकडे गेलाय? नाव सांगा ना ताई, मी परस्पर त्यांच्याकडून घेतो. तुमचंही काम वाचेल." विचारणारे काका जुने सभासद. अंक ज्यांच्याकडे असतो तेही बहुधा त्यांच्याच आळीतले. मी नाव सांगत नाही. नंबर लावून घेते, अंक आला की फोन करते. मग पुढचं वाक्य ठरलेलं : "दिवाळी अंकात लपवण्यासारखं काय असतं हो?"

तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. कोण काय वाचतं हे सांगत का नाही, असं मला इतक्या जणांनी, इतक्या सुरांत विचारलंय की एकदा नीट उत्तर देऊन टाकते.

दिवाळी अंकात लपवण्यासारखं काही नसतं, मान्य. पण अंकाच्या बाबतीत मी नाव सांगायला लागले आणि उद्या दुसऱ्या एखाद्या पुस्तकाच्या बाबतीत "नाही सांगणार" म्हटलं, तर त्या नकारातच सगळं सांगून होतं. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक, दारू सोडण्याविषयीचं, नैराश्यावरचं, मूल होत नसलेल्यांसाठीचं. ही पुस्तकं नेणाऱ्याचं नाव झाकायचं असेल, तर लोणची-मुरंब्यांचं पुस्तक नेणारीचंही झाकावं लागतं. निवडून गप्प बसता येत नाही. म्हणून सरसकट.

लोकांना वाटतं, असली माहिती मागायला पोलीस येत असतील. माझ्याकडे पोलीस आले ते बंदोबस्ताच्या दिवशी वर्तमानपत्र चाळायला. विचारणारे वेगळेच असतात. स्थळ आलंय म्हणून चौकशी करणारे : "मुलगा तुमच्याकडे येतो ना, वाचतो काय साधारण?" बायकोचं कार्ड घेऊन पुस्तक बदलायला आलेला नवरा, अगदी सहज, "मागच्या महिन्यात हिनं काय काय नेलं होतं हो?" कार्यकारिणीच्या निवडणुकीला उभे राहिलेले, ज्यांना मतदार यादीबरोबर मोबाइल नंबरही हवे असतात. आणि स्पर्धा परीक्षांचे क्लासवाले. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांची यादी दिली तर अभ्यासिकेला दोन पंखे देतो, असं एकानं मला सांगितलं होतं. पंख्यांची गरज होती, हे खोटं नाही.

यातला कोणीही दुष्ट नसतो. लहान गावात कोणाचं काय चाललंय हे सगळ्यांना माहीत असावं असा एक अलिखित करारच असतो. ग्रंथालय तेवढं त्या कराराच्या बाहेर ठेवावं, एवढाच माझा हट्ट.

पण नोंदवही मिटून ठेवली की झालं, असंही नाही. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकं कुलपाच्या काचकपाटात आणि किल्ली ग्रंथपालाच्या ड्रॉवरमध्ये. कारणही समजण्यासारखं आहे : साठा पडताळणीत पुस्तक कमी भरलं तर जाब ग्रंथपालाला विचारतात. मात्र त्याचा परिणाम असा होतो की वाचकाला हवं ते पुस्तक टेबलासमोर उभं राहून, नाव घेऊन, मागावं लागतं. पाळी जाण्याच्या काळातल्या त्रासांवर काही आहे का, हे एखाद्या बाईनं रांगेत विचारायचं आणि तिच्या मागे शेजारच्या घरातले आजोबा उभे. ती विचारत नाही. ठरलेल्या लेखिकेची कादंबरी घेते आणि जाते. पुस्तक आमच्याकडे असतं, दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो, अनुदानाच्या पैशातून त्याचं बिल भागवलेलं असतं, आणि जिच्यासाठी ते आणलं तिच्यापर्यंत ते पोचत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयांच्या पंचसूत्रीतलं 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा' हे सूत्र आम्हाला प्रमाणपत्र वर्गात घोकायला लावलं होतं, आणि त्याच सूत्राच्या विवेचनात त्यांनी मुक्तप्रवेशाचा, म्हणजे वाचकाला थेट मांडणीपाशी जाऊ देण्याचा आग्रह धरलाय.

समितीशी बरीच घासाघीस करून आम्ही आरोग्याची आणि कायद्याची कपाटं सगळ्यात आधी उघडली. पुस्तकं गेली का? गेली काही. कादंबऱ्यांपेक्षा जास्त गेली. पण त्या कपाटांपाशी लोक उभं राहून वाचायला लागले, आणि जे उभ्यानं वाचून होतं त्याची कुठल्याच वहीत नोंद होत नाही. वर्तमानपत्रांचा मुक्तद्वार विभाग तर असाच चालतो. या, बसा, वाचा, जा. मला तो ग्रंथालयाचा सगळ्यात सभ्य भाग वाटतो.

आता वह्यांकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. जुन्या खतावणी पद्धतीत प्रत्येक सभासदाच्या नावाचं एक पान असायचं. त्यानं नेलेलं पुस्तक, तारीख, परत आल्याची तारीख, सही. पंधरा-वीस वर्षांचा सभासद असेल तर त्याच्या मनाचा नकाशाच त्या पानावर. कोणत्या वर्षी कवितेकडे वळला, कधी अचानक कर्करोगावरची चार पुस्तकं ओळीनं नेली, मग सहा महिने काहीच नाही. न्यूआर्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर सभासदांचे क्रमांक एकाखाली एक चढत जातात, त्यामुळे पुस्तकाचा इतिहास राहतो. आणि नीना ब्राऊन या अमेरिकन ग्रंथपाल बाईंच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ब्राऊन पद्धतीत पुस्तकाचं कार्ड वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालून तारखेच्या ट्रेमध्ये ठेवतात. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट वाचकाच्या हातात. दोघांची फारकत झाली की कोणी काय नेलं होतं याचा मागमूस उरत नाही. उरतो फक्त दिवसाचा आकडा : आज इतकी पुस्तकं गेली. वाचकाच्या खाजगीपणाचा विचार करून ती पद्धत निघाली असेल असं मला वाटत नाही, वेळ वाचवायलाच निघाली असणार. पण माझ्या लेखी अजून तीच सगळ्यात शहाणी. तपासणीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी येतात तेव्हाही त्यांना सभासदसंख्या, देवघेव, वाचकांची उपस्थिती हे आकडे हवे असतात. देशपांडे काकूंनी काय वाचलं याच्याशी अनुदानाचा संबंध नसतो.

"पण कायदा काय म्हणतो?" असं वकील सभासद विचारतात. आपल्याकडे 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. परिषद, संचालनालय, मान्यता, अनुदान हे सगळं त्यात आहे. वाचकाच्या नोंदी गुप्त ठेवाव्यात असं कलम त्यात नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, त्याचा आधार आहेच. पोलिसांना तपासासाठी कागद हवा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी तो लेखी मागू शकतो. तेव्हा माझं धोरण साधं आहे : मागणी कागदावर, समितीसमोर, आणि जेवढं मागितलं तेवढंच. तोंडी काही नाही. जी नोंद आपण ठेवलीच नाही ती कोणी मागू शकत नाही, हा ब्राऊनबाईंचा आणखी एक उपकार.

कोणी म्हणेल, सरळमार्गी माणसाला कसली भीती? 28 जुलै 2023 रोजी भीमा कोरेगाव प्रकरणातल्या दोघांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की केवळ साहित्य जवळ बाळगणं, त्यातला मजकूर हिंसेला प्रेरणा देणारा असला तरी, एवढ्यानंच यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालचा दहशतवादाचा गुन्हा ठरत नाही. तोवर ते दोघं जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात होते. त्या खटल्यात इतरही आरोप आहेत, आणि त्यावर मी बोलणार नाही. पण पुस्तकांच्या यादीचा अर्थ पुढे कोण कसा लावील, हे यादी हातात देताना ग्रंथपालाला कळत नसतं, एवढं त्यातून मला समजलं.

अमेरिकेत या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच तयारी आहे. तिथल्या 50 पैकी 48 राज्यांत ग्रंथालयातल्या नोंदींना संरक्षण देणारे कायदे आहेत, ग्रंथपालांच्या संघटनेनं 1939 पासून गोपनीयता हे व्यवसायाचं कर्तव्य मानलंय. तरीही 2005 मध्ये कनेटिकटमधल्या लायब्ररी कनेक्शन या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेला एफबीआयचं पत्र आलं. 15 फेब्रुवारीला दुपारी चार ते पावणेपाच या वेळात एका ठरावीक पत्त्यावरून इंटरनेट वापरणाऱ्याची माहिती द्या, असा त्याचा आशय. न्यायाधीशाची परवानगी नाही, आणि असं पत्र आलं हेही कोणाला सांगायचं नाही. संस्थेचे जॉर्ज ख्रिश्चन आणि आणखी तीन ग्रंथपाल कोर्टात गेले, तेही नाव लपवून, 'जॉन डो' म्हणून. देशातल्या सगळ्यात बोलक्या वादाच्या मध्यभागी असलेल्या या चौघांना, ज्याच्या जोरावर असं पत्र येत होतं त्या पेट्रियट कायद्याच्या नूतनीकरणावर तिथल्या संसदेत चर्चा चालू असताना, तोंड उघडायची मनाई होती. मार्च 2006 मध्ये कायदा पुन्हा मंजूर झाला, त्यानंतर त्यांच्यावरची बंदी उठली आणि पुढे एफबीआयनं मागणीही सोडून दिली. पाऊण तासासाठी एका कॉम्प्युटरसमोर कोण बसलं होतं, एवढ्यासाठी वर्षभराची कोर्टबाजी! मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

इथे एक उलट बाजूही आहे, आणि ती गप्प राहणाऱ्या ग्रंथपालांनी लक्षात ठेवायला हवी. वाचकाचं झाकायचं म्हणजे ग्रंथालयाचंही झाकायचं असं नव्हे. पुस्तकं कोणाकडून, किती सवलतीनं घेतली, कोणती रद्दीत काढली, अनुदान कशावर खर्च झालं, हे कोणीही विचारावं आणि आम्ही दाखवावं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) मध्ये व्यक्तिगत माहिती नाकारता येते, पण मोठं जनहित असेल तर ती द्यावी अशी अट त्याच कलमात होती. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानं ती अट तिथून काढली. माझ्या सभासदांच्या नावांना त्यामुळे जास्त आडोसा मिळाला, तरी मला हा बदल आवडलेला नाही. वाचकासाठी मागितलेला पडदा खर्चाच्या वहीवर ओढला जातो तो असा.

लहान मुलांचं मात्र अवघड आहे, तिथे माझ्याकडे छापील उत्तर नाही. बालसभासदाच्या अर्जावर पालकाची सही असते, अनामत त्यांची, दंड तेच भरतात. दहा वर्षांच्या मुलाची आई "काय नेतो तो?" म्हणाली तर मी तिला बालविभागाच्या कपाटापाशी नेते आणि दोघांना तिथे सोडते. पण सतरा वर्षांच्या मुलीचे वडील तेच विचारतात तेव्हा मी "तिला विचारा" म्हणते. पुस्तक थकलं असेल तर "एक पुस्तक बाकी आहे, दंड इतका" एवढंच. शीर्षक नाही. वडील रागावतात. एकदा एकांनी मुलीचं सभासदत्वच बंद केलं. तेव्हा मी बरोबर वागले का? मुलगी नंतर मुक्तद्वारात येऊन बसायची, तिथे सभासदत्व लागत नाही.

शिवाय नव्या गळतीच्या जागा आहेतच. वाचक मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. फलकावर लावलेली थकबाकीदारांची यादी, पुस्तकांच्या नावांसकट. आणि 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला 'आदर्श वाचक' म्हणून सत्कार करताना व्यासपीठावरून त्या बिचाऱ्यांनी वर्षभरात नेलेल्या पुस्तकांची वाचून दाखवलेली नामावळी! तो कार्यक्रम मी अजून पूर्ण बंद करू शकलेले नाही, पण आता यादी ज्याची त्यानं स्वतः द्यायची असते. सत्कारमूर्तींच्या याद्या तेव्हापासून एकदम भारदस्त झाल्यात, ते जाऊ दे.

सध्या आमचा वाद संगणकावरून चाललाय. समितीला कोहा बसवायचंय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयासाठी तयार झालेली, 2000 पासून वापरात असलेली ही प्रणाली फुकट मिळते. तिच्यात सभासदाला स्वतःच्या वाचनाचा इतिहास कायम ठेवायचा, ठरावीक मुदतीपर्यंत ठेवायचा की पुस्तक परत करताच पुसायचा, हे निवडता येतं. पुसला तरी देवघेवीचा आकडा कमी होत नाही, नाव तेवढं जातं. माझं म्हणणं, आपण सरसकट 'पुसा' हाच पर्याय लावून द्यावा, ज्याला ठेवायचंय त्यानं ठेवावा. समितीतले एक सदस्य म्हणतात, माहिती आहे ती फुकट कशाला घालवायची, कधीतरी उपयोगी पडेल. कशासाठी, हे त्यांना अजून सांगता आलेलं नाही.

माझ्या विरोधात सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांनी नाही, दुपारी येणाऱ्या आज्यांनी मांडलाय. "हे मी वाचलंय का गं?" असं त्या पुस्तक हातात घेऊन विचारतात, आणि खतावणीच्या काळात ते मला पान उलटून सांगता यायचं. आता त्यांनी आपापली सोय केलीय. कोणी सदतिसाव्या पानावर पेन्सिलीचा ठिपका देतं, कोणी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात फुली. पहिल्याच पानावर आमचा शिक्का असतो, पुस्तकात खुणा करू नयेत म्हणून. नव्या मदतनीस मुलानं परवा खोडरबर घेऊन त्या ठिपक्यांवर मोहीम काढली, तेव्हा त्याला म्हटलं, फाटकी पानं चिकटव आधी, ते राहू दे.