आईच्या खोलीसाठी तेलांचं मिश्रण : माझा अनुभव

मागच्या जुलैत आईच्या खोलीला कुबट वास धरला. पुण्यात आमच्या घराची ती भिंत पश्चिमेची, पाऊस थेट तिच्यावरच येतो, आणि उदबत्ती लावावी तर आईला खोकल्याची उबळ येते. म्हणून मी डिफ्युझर, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब टाकले की खोलीत वास पसरवणारं यंत्र, आणला आणि सोबत संत्रं, गवती चहा, निलगिरी, लवंग, देवदार, लव्हेंडर, वाळा अशी सात इसेन्शियल ऑइल्स, म्हणजे वनस्पतींपासून काढलेली सुगंधी तेलं, मागवली.

पहिल्याच दिवशी चुकलं. 100 मिली पाण्यात निलगिरी आणि लवंग मिळून 12 थेंब घातले, खिडकी बंद, अर्ध्या तासात दोघींचं डोकं धरलं. आई म्हणाली, अगं बाम चोळल्यासारखं वाटतंय, बंद कर ते. आणि एवढं करून त्या वासाच्या खाली ओलीचा वास होताच, उलट दोन्ही मिळून जास्तच खराब. मग आधी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, मागची बुरशी पुसली, उघडीप मिळाली तशी गादी गच्चीवर टाकली. हे केल्याशिवाय कुठलंच तेल उपयोगाचं नाही, खरंच सांगते.

त्यानंतर डिफ्युझरला हात न लावता कागदाच्या पट्ट्यांवर सुरुवात केली. जाडसर कागद कापायचा, प्रत्येक तेलाचा एक थेंब, मागे नाव आणि वेळ लिहायची, आणि मग दर थोड्या वेळाने हुंगत बसायचं. संत्र्याचा वास सगळ्यात आधी येतो आणि जातोही सगळ्यात आधी, कारण त्यातलं लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य पटकन उडतं. गवती चहा त्याच्यापेक्षा जरा टिकतो, देवदार रात्रीपर्यंत होता, आणि वाळा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीसुद्धा तसाच. तेव्हा लक्षात आलं की उडणारी तेलं जास्त आणि टिकणारी कमी घ्यायची, मी नेमकं उलटं करत होते.

वाळ्याचं तेल काकवीसारखं घट्ट असतं, बाटली उपडी धरून वीसपर्यंत आकडे मोजले तेव्हा कुठे एक थेंब सुटला. घाईत बाटली झटकली की दोन पडतात आणि मग सगळ्या मिश्रणाला नुसता मातीचा वास, माझी दोन मिश्रणं अशीच गेली. एकदा प्लास्टिकच्या डबीत मिसळायला घेतलं तर तळ चिकट झाला, संत्र्याच्या तेलाने काही प्लास्टिक विरघळतं, तेव्हापासून फक्त काचेची तपकिरी बाटली.

शेवटी जमलं ते असं : संत्रं 5 थेंब, गवती चहा 2, देवदार 2, वाळा 1. बाटलीत मिसळून चार दिवस अंधारात ठेवलं. पहिल्या दिवशी चारही वास वेगवेगळे कळत होते, चौथ्या दिवशी मिळून एकच वास झाला होता. आता 100 मिली पाण्यात त्यातले फक्त 3 थेंब घालते, खिडकी थोडी उघडी, अर्धा तास चालू आणि मग बंद. शेजारची मांजर आमच्याकडे येऊन झोपते, ती घरात असेल तर लावतच नाही, मांजरांच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत.

तयार मिश्रणाची पट्टी आईच्या हातात दिली तर बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, आमच्याकडे उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकायचे, पाणी प्यायला वाकलं की असाच वास यायचा बघ. ती पट्टी तिने पोथीत खूण म्हणून ठेवली. पाचव्या दिवशी मी पोथी उघडून बघितली, संत्रं केव्हाच उडून गेलं होतं, वाळा मात्र त्या पानालाही लागला होता.