बर्डी-इतवारी आणि पुण्याच्या पेठा

तालुक्याच्या गावात बाजाररस्त्याचं काम निघालं की चर्चेत दोन नावं हमखास येतात. एक म्हणतो, पुण्याच्या लक्ष्मी रोडसारखं करा. दुसरा म्हणतो, नागपूरच्या बर्डीसारखं, म्हणजे सीताबर्डीसारखं करा. उमरेड असो, वरुड असो की हिंगणघाट, बोलणं तेच. पण हे दोन्ही बाजार वेगवेगळ्या कारणांनी उभे राहिले आणि वेगवेगळ्या कारणांनी अडचणीत आले. ती कारणं न पाहता नक्कल केली तर निधीही जातो आणि गिऱ्हाईकही.

नोव्हेंबर १८१७ या एकाच महिन्यात दोन्ही शहरांचं नशीब फिरलं. ५ तारखेला खडकीची लढाई झाली, २६-२७ ला सीताबर्डीची. पुण्यात इंग्रजांनी छावणी पूर्वेला वेगळी वसवली, त्यामुळे पेठांचा गाभा शाबूत राहिला. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत आजही पंधरा-वीस मिनिटांत पायी जाता येतं, आणि वाटेत सगळा बाजार लागतो. नागपुरात इंग्रज बर्डीच्या टेकडीवरच बसले. १८६७ मध्ये रेल्वे आली ती जुनं शहर आणि बर्डी यांच्या मधून. तेव्हापासून रुळाच्या पूर्वेला महाल, इतवारी, गांधीबाग आणि पश्चिमेला बर्डी अशी वाटणी पक्की झाली. नागपूरला मध्य एक नाही, दोन आहेत, आणि दोघांत तीन-चार किलोमीटरचं अंतर आहे.

या दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. इतवारी ठोक विकते: किराणा, सराफा, मस्कासाथचा माल, शेजारी गांधीबागेत कापड. बर्डी चिल्लर विकते: तयार कपडे, चपला, बॅगा, मोबाईलचं सामान. तालुक्याचा दुकानदार इतवारीत जातो, त्याचं गिऱ्हाईक बर्डीवर जातं. पुण्याच्या पेठांत ही वाटणी नाही. बोहरी आळीचा ठोक माल, तुळशीबागेतलं घरगुती सामान, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, लक्ष्मी रोडचं कापड आणि सोनं, सगळं एकमेकांना खेटून. एका कामाला आलेला माणूस तीन दुकानं करून जातो. गर्दीचं मूळ इथे आहे. फरश्या आणि शोभेचे दिवे नंतर आले.

आता इतवारी जवळून बघा. गावचा किराणा दुकानदार यादी घेऊन येतो, चार-पाच दुकानांत भाव काढतो, माल बांधायला सांगतो आणि पुढच्या ओलीत, म्हणजे गल्लीत, जातो. बांधलेली पोती हातठेल्यावर चढतात आणि ट्रान्सपोर्टच्या गाळ्यावर उतरतात. तिथे बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, फाटते आणि माल संध्याकाळच्या गाडीनं गावाकडे निघतो. या साखळीत सर्वांत नाजूक कडी म्हणजे ठेला. लादलेला ठेला चार-साडेचार फूट जागा खातो. समोरून दुसरा आला तर दहा फूट मोकळे लागतात. ओलीच्या दोन्ही बाजूंना दुचाक्या आडव्या लावल्या की ते दहा फूट उरत नाहीत. एक ठेला अडला की मागचे सगळे थांबतात, हमालाची फेरी कमी होते आणि वाढलेली मजुरी शेवटी भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावातल्या साखरेच्या भावात येते. इतवारीचं भलं करायचं असेल तर काम या दहा फुटांपासून सुरू करावं लागेल. कमान आणि रोषणाई त्यानंतरची गोष्ट.

पुण्यानं हा गुंता वेगळ्या मार्गानं सोडवला. भुसार आणि भाजीपाल्याचा ठोक व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेला. १८८६ ची मंडईची इमारत चिल्लर भाजीसाठी राहिली. पेठेतले ट्रक कमी झाले, हे खरंच. पण ठोकवाला गेला की त्याच्यासोबत हमाल, बारदानवाला, चहावाला आणि बाहेरगावचा खरेदीदारही जातो. नागपुरातही धान्य, संत्री, मिरची कळमन्याच्या मार्केट यार्डात गेली आणि ते बरोबरच झालं. एवढा माल गल्लीत उतरूच शकत नाही. तरी इतवारीनं किराणा राखला, म्हणून ती अजून कामाची बाजारपेठ आहे. माझ्या मते हे तिचं मोठं धन आहे. उरलेला ठोक व्यवहारही बाहेर हलवा असं कोणी सुचवलं तर त्याला कडाडून विरोध व्हायला हवा.

बाजारात माणूस पोचतो कसा, हा दुसरा प्रश्न. उमरेड, भिवापूर, नागभीडकडची माणसं नॅरोगेजनं थेट इतवारी स्टेशनात उतरायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, आणि एका अख्ख्या पट्ट्याचा बाजाराशी असलेला सरळ धागा तुटला. पुण्यातही त्याच वर्षाच्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचा एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवला. आपल्याकडून रातराणीनं जाणारी पोरं तिथेच उतरतात आणि पेठेत जायला वेगळी गाडी धरतात. नागपुरात गणेशपेठ आणि मोरभवन हे दोन्ही स्टँड बर्डीपासून जवळ आहेत. बर्डीला गावाकडचं गिऱ्हाईक मिळतं त्यात दुकानांच्या काचांपेक्षा या दोन स्टँडांचा वाटा मोठा. म्हणून स्टँड गावाबाहेर बायपासला नेण्याचा प्रस्ताव तुमच्याकडे आला तर आधी बाजारातल्या दुकानदारांना विचारा.

मेट्रोचं गणितही दोन्हीकडे निराळं. पुण्यात पेठांचे रस्ते अरुंद आणि वाडे जुने, त्यामुळे मार्ग जमिनीखालून न्यावा लागला. मंडई आणि स्वारगेटपर्यंतचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. खर्च जास्त, पण वरचा बाजार जसाच्या तसा राहिला. नागपूरची मेट्रो बहुतेक खांबांवरून जाते. बर्डीच्या इंटरचेंजवर दोन्ही मार्ग भेटतात, आणि डिसेंबर २०२२ पासून पूर्वेकडचा मार्ग सेंट्रल एव्हेन्यूवरून थेट जुन्या शहरात शिरतो. चितार ओळीच्या नावाचं स्टेशन झालं, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. गणपतीच्या मूर्ती घडवणारी ही वस्ती आता नकाशावर ठळक दिसते. पण स्टेशनातून उतरल्यावर ओलीपर्यंत सावलीतला, सलग फुटपाथ लागतो. तो तुटक असला तर माणूस पुढच्या वेळी दुचाकी काढतो, आणि ती दुचाकी त्याच दहा फुटांत उभी राहते.

पायी बाजार म्हटला की लक्ष्मी रोडचा दाखला देतात. तिथे २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. हे जमतं कशामुळे? वाहनं वळवायला कुमठेकर रोड समांतर आहे, पेठेतच राहणारी दाट वस्ती आहे, आणि महिना डिसेंबरचा आहे. आपल्या बहुतेक तालुक्यांत बाजाराचा रस्ता एकच, आणि तोच पुढे राज्यमार्ग होतो. तो बंद केला तर एसटी, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका सगळं अडतं. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. बिनसावलीच्या फरशीवर दुपारी बारा ते पाच कुत्रंही फिरकत नाही. विदर्भात पायी बाजार करायचा तर आधी सावली उभी करावी लागते: दुकानापुढे सलग पडवी किंवा छज्जा, आणि कडुनिंब किंवा करंज, ज्यांच्या बुंध्याभोवती किमान चार फूट माती उघडी ठेवलेली असेल. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं की झाड पाच-सात वर्षांत खंगतं.

फुटपाथची मापं मात्र उष्ण-थंड सगळीकडे सारखी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात चालण्याची मोकळी पट्टी किमान १.८ मीटर, व्यापारी भागात २.५ मीटर, आणि दुकानासमोर थांबून बघणाऱ्यांसाठी आणखी एक मीटर. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं खालून रस्त्यानंच चालतात. पेव्हर ब्लॉक माणसांसाठी ६० मिलिमीटर जाडीचा पुरतो. जिथे मालाची गाडी चढणार तिथे ८० चाच घ्या. खाली दाबलेली खडी, वर तीन-चार सेंटिमीटर वाळू, आणि दोन्ही कडांना पक्का कर्ब, म्हणजे कडेचा दगड. कर्ब नसला तर ब्लॉक बाजूला सरकतात, फटी वाढतात, वाळू वाहून जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यात खड्डे पडतात. ठेकेदार सर्वांत आधी वाळू आणि कर्बातच वाचवतो. मोजमापाच्या दिवशी चार ब्लॉक उचलून बघायलाच हवेत.

हातगाडीवाले हा दोन्ही शहरांचा दुखरा भाग. बर्डीच्या मेन रोडवर दुकानदार आणि फेरीवाले यांचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तुळशीबाग परिसरही त्यापासून सुटलेला नाही. २०१४ चा फेरीवाला कायदा याबाबत स्पष्ट आहे. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं, सर्वेक्षणात आलेल्यांना लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत जागा द्यायची, नगर फेरीवाला समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांतले घ्यायचे, आणि हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यायची. हे होतं क्वचितच. अतिक्रमण पथक सकाळी येतं, संध्याकाळी गाड्या परत लागतात. रस्त्याचा आराखडा काढतानाच प्रत्येक गाडीची जागा रंगानं आखली तर निम्मं भांडण मिटतं. आठवडी बाजारात आपल्या बायाबापड्या पिढ्यानपिढ्या ठरल्या जागीच बसतात. ती शिस्त गावात आधीपासून आहे, फक्त नकाशावर उतरवायची आहे.

वाड्यांचा प्रश्न पुण्यात जास्त चिघळला आहे. भाडं जुनं, भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला ४ टक्केच वाढ, म्हणून मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरूला हक्क जाण्याची भीती, म्हणून तो सोडत नाही. दर पावसाळ्यात धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. त्यात शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट. महालातही पडके वाडे आहेत, पण तिथे मला खरी भीती रस्ता रुंदीकरणाची वाटते. समोरची दहा फूट पट्टी गेली की ओटा, पडवी आणि कोरीव खांब एकदम जातात, आणि मागे उरतं ते शटर लावलेलं अर्धं घर. वळणावर आणि चौकात रुंदी द्या. सलग रुंदी करून वाहनं फक्त पुढच्या चौकात लवकर पोचतात.

आणि पाणी. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर बुडाल्या. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ ला रात्रभराच्या पावसानंतर अंबाझरी तलावाचं आणि नाग नदीचं पाणी शहरात शिरलं आणि मोरभवनात बस पाण्यात उभ्या राहिल्या. तालुक्याला धरण फुटायची गरज नाही. सिमेंट रस्त्याचा एक थर पुरतो. जुनं डांबर न खरवडता त्यावर आठ-दहा इंचांचा थर ओतला की रस्ता दुकानाच्या उंबऱ्याच्या वर जातो आणि पाणी आत वळतं. काम सुरू होण्याआधी प्रत्येक दुकानाच्या उंबऱ्याची पातळी भिंतीवर रंगानं आखून घ्या, फोटो काढा, आणि रस्त्याची तयार पातळी त्याखाली किमान सहा इंच राहील हे अंदाजपत्रकातच लिहून घ्या. नालीचा उतार दर शंभर फुटांना किमान चार-पाच इंच ठेवा. झाकणं उचलता येतील अशी, एका माणसाच्या वजनाची, नाहीतर साफसफाई होणार नाही. मालगाड्यांना सकाळी दहाच्या आत आणि रात्री नऊनंतर मुभा द्या, आणि त्यासाठी दर शे-दीडशे फुटांवर एका टेम्पोची जागा राखून ठेवा. हे सगळं कामाचा कार्यादेश निघायच्या आत झालं पाहिजे. काँक्रीट पडल्यावर सहा इंच खाली कोणी उतरवून देत नाही.